पांढऱ्या पेशी नुसत्या मोजून काय होणार?

मानेत गाठ येते, पिकते, फोडावी लागते. जखम भरते न भरते तोच काखेत दुसरी. मग कधी न्यूमोनिया, कधी यकृतात गळू. मूल दोन वर्षांचं होईतो त्याची फाइल म्हाताऱ्या माणसाच्या फाइलीइतकी जाड झालेली असते. मध्ये पाच-सात वेळा रक्त तपासलेलं असतं आणि दर वेळी पांढऱ्या पेशींच्या ओळीत आकडा ठीकच आलेला असतो. थोडा चढा असला तरी संसर्ग चालू असताना तो चढायचाच. 'पेशी भरपूर आहेत, प्रतिकारशक्तीला काही झालेलं नाही,' असं सांगून घरच्यांना धीर दिला जातो.

रिपोर्ट खोटा नसतो. त्यात पेशी मोजलेल्या असतात, इतकंच. त्या काम करतात का, हे कुणी तपासलेलंच नसतं. हजेरीपटावर सगळ्यांच्या सह्या आहेत म्हणजे कारखान्यातून माल बाहेर पडतोय, असं समजण्यासारखं आहे हे.

पांढऱ्या पेशींच्या कामातच जन्मजात, आनुवंशिक दोष असतो अशा आजारांत रोग्याला आकडा दोनदा नडतो. आधी रक्तात: पेशी पुरेशा आहेत, म्हणून काळजीचं कारण नाही. आणि निदान झाल्यावर धोरणात: रोगी मोजकेच आहेत, म्हणून हा सार्वजनिक प्रश्नच नाही. दुसरी मोजणी पहिलीइतकीच फसवी आहे, असं माझं म्हणणं आहे.

यातला सगळ्यात अभ्यासलेला आजार म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, थोडक्यात सीजीडी. साधारण दोन ते अडीच लाख जन्मांमागे एक, असं त्याचं प्रमाण सांगितलं जातं. यात न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतूचा माग काढते, त्याच्यापर्यंत पोचते, त्याला गिळतेसुद्धा. गिळल्यावर तिने एकदम ऑक्सिजन ओढून घेऊन त्यापासून सुपरऑक्साइड आणि पुढची तिखट रसायनं बनवायची असतात. हे काम एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम करतं. काही प्रथिनं ऐन वेळी एकत्र येऊन ते जुळतं, आणि त्यातलं एक जरी सदोष असलं तरी सगळी यंत्रणा बंद पडते. जंतू पेशीच्या पोटात जिवंत राहतो. त्याला आवरायला आणखी पेशी येतात, त्यांनाही तो मारता येत नाही, आणि त्या जमावाची गाठ बनते. हा ग्रॅन्युलोमा कधी जठराचं तोंड अडवतो, कधी मूत्रमार्ग. आतड्याला सूज आली तर ती हुबेहूब क्रोन्स या आतड्याच्या जुनाट रोगासारखी दिसते. म्हणजे हा आजार नुसता जंतूंपुढे हरण्याचा नाही, लढाई थांबवता न येण्याचाही आहे. तेच ऑक्सिडेज दाह आवरण्याच्या कामीही येत असतं, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आलं.

ल्यूकोसाइट ॲडहीजन डेफिशियन्सी या दुसऱ्या आजारात तर आकडा उघड दिशाभूल करतो. इथे पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडता येत नाही, म्हणून त्या रक्तातच फिरत राहतात. मोजायला गेलं तर पन्नास हजार, कधी लाखाच्या घरात. आणि जिथे जंतू आहेत त्या जखमेत पूच नाही. पू नाही म्हणजे जखम बरी होतेय, हा आपला साधा हिशेब इथे उलटा पडतो: पू नाही, कारण तो ज्यांचा बनतो त्या पेशी तिथे पोचल्याच नाहीत. अशा बाळांची नाळ तीन-चार आठवडे झाले तरी गळत नाही, ही त्यातली जुनी खूण. (नाळ उशिरा गळणारी बहुतेक बाळं अगदी निरोगी असतात. नुसत्या त्या खुणेने कुणी घाबरून जाऊ नये.) चेडियाक-हिगाशी आणि असे आणखीही आजार आहेत, त्यांच्या तपशिलात इथे जात नाही.

'एवढ्या दुर्मिळ रोगांवर एवढं बोलायचं कशाला?' हा प्रश्न गैर नाही. पण तो विचारणाऱ्याने एक जुना हिशेब आधी पाहावा.

1933 साली बाल्ड्रिज आणि जेरार्ड या संशोधकांना दिसलं होतं की जंतू गिळताना पांढऱ्या पेशी जास्तीचा ऑक्सिजन ओढतात. त्यांना वाटलं, गिळण्याला बळ लागतं, त्यासाठी असेल. पुढची तीन दशकं त्या निरीक्षणाचा खरा अर्थ लागला नाही. तो लावला आजारी मुलांच्या रक्ताने. 1957 मध्ये मिनेसोटातल्या डॉक्टरांनी अशा काही मुलग्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि रोगाच्या नावातच 'जीवघेणा' हा शब्द घातला, कारण एकही मूल वाचेल असं त्यांना वाटत नव्हतं. 1966-67 पर्यंत कळलं, की या मुलांच्या पेशी जंतू गिळतात पण मारत नाहीत, आणि जादा ऑक्सिजनही ओढत नाहीत. ऑक्सिजन होता तो मारण्यासाठी. आज वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जी गोष्ट चार ओळींत येते, ती या मुलांकडून शिकलेली आहे. 1986 मध्ये सीजीडीचं जनुक सापडलं. प्रथिन ठाऊक नसताना केवळ गुणसूत्रावरच्या जागेवरून हुडकलेलं माणसाच्या रोगाचं ते पहिलं जनुक मानलं जातं. पुढे कितीतरी आजारांची जनुकं त्याच वाटेने सापडली.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचंही तसंच. जुळं भावंड नसलेल्या दात्याची मज्जा पहिल्यांदा यशस्वीपणे रुजली ती 1968 साली, जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांत. जनुकोपचाराचं तर विचारूच नका. पॅरिस आणि लंडनमध्ये एक्स-गुणसूत्राशी निगडित तीव्र संयुक्त रोगप्रतिकारदोष (यात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी नीट बनतच नाहीत) असलेल्या 20 मुलांवर सुरुवातीचे प्रयोग झाले. बहुतेकांची प्रतिकारशक्ती उभी राहिली, पण पाच जणांना रक्ताचा कर्करोग झाला आणि एक मूल दगावलं. जनुक वाहून नेणारा विषाणू नको त्या जागी जाऊन बसत होता. त्या धड्यातून सुरक्षित वाहक घडले, आणि तसले वाहक आज थॅलसेमियाच्या जनुकोपचारात वापरले जातात. म्हणजे जोखीम घेतली मोजक्यांनी, फायदा पोचला पुष्कळांना. या मोजक्यांची पाळी आली की मात्र आपण त्यांची डोकी मोजायला बसतो. हे मला पटत नाही.

ताजं उदाहरण द्यायचं तर 2025 च्या मे महिन्यातलं. प्राइम मेडिसिन या अमेरिकी कंपनीने सीजीडीच्या एका प्रकारावर प्राइम एडिटिंग हे तंत्र वापरलं. या तंत्रात जनुकातली चूक जागच्या जागी दुरुस्त होते. पहिल्या रोग्याच्या न्यूट्रोफिलांपैकी 58 टक्के पेशींत पंधराव्या दिवशी आणि 66 टक्के पेशींत तिसाव्या दिवशी ऑक्सिडेज चालू झालेलं दिसलं. 20 टक्के साधले तरी रोग्याला उपयोग व्हावा, असा अंदाज होता. त्याच सुमारास कंपनीने कळवलं, की हा कार्यक्रम ती स्वतः पुढे रेटणार नाही, आता यकृताच्या आजारांकडे लक्ष देणार. उपचार फसला म्हणून कार्यक्रम बाजूला पडला असता तर समजण्यासारखं होतं. इथे लागू पडल्याची पहिली खूण दिसली तेव्हाच तो बाजूला पडला.

कंपनीला शिव्या घालून काही साधणार नाही. गुंतवणूकदारांचा पैसा आहे, रोगी थोडे आहेत, ती तिचा हिशेब करणारच. माझी तक्रार, हा हिशेब एकट्या तिच्यावर सोडणाऱ्या आपल्यावर आहे. अमेरिकेने 1983 मध्ये 'अनाथ औषधां'चा कायदा केला: देशात दोन लाखांहून कमी रोगी असलेल्या आजारावर औषध आणलं, तर सात वर्षांचा मक्ता आणि सवलती. त्यातून औषधं आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मक्त्याने औषध बाजारात येतं, ते तिथे टिकेलच असं नाही. एडीए एन्झाइमच्या अभावाने लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मरतात त्या आजारावरचा स्ट्रिमव्हेलिस हा जनुकोपचार युरोपात 2016 मध्ये मंजूर झाला. किंमत 5,94,000 युरो. दोन वर्षांत मूळ कंपनीने तो दुसरीला दिला, 2022 मध्ये दुसरीनेही हात काढून घेतला. अखेर तो 2023 मध्ये इटलीतल्या तेलेथॉन या धर्मादाय संस्थेने स्वतःकडे घेतला. देणग्यांवर चालणारी संस्था जे करू शकते, ते सरकारांनी मिळून करायला काय हरकत आहे? यशाची खूण दिसलेला उपचार कंपनीला नको असेल, तर त्याचे हक्क, माहिती आणि बनवण्याची कृती सार्वजनिक संस्थेकडे जावी, अशी अट मंजुरीच्या आणि सरकारी अनुदानाच्या कागदातच घालता येते. मूळ तंत्र बहुधा जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांत जन्मलेलं असतं. अशी अट घालण्यात उपकार कुणाचेच नाहीत.

मात्र हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं, की जनुकोपचार ही आजची पहिली गरज नाही. ती बातमी होते, म्हणून आपलं लक्ष तिकडे. सीजीडीच्या रोग्याचं आयुष्य आज मुख्यतः वाढतं ते रोज घ्यायच्या साध्या औषधांनी: जंतूंसाठी कोट्रायमॉक्सॅझोल, बुरशीसाठी इट्राकोनॅझोल. 1991 मध्ये 128 रोग्यांवरच्या चाचणीत इंटरफेरॉन गॅमा या प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनाने गंभीर संसर्ग सुमारे सत्तर टक्क्यांनी घटवले. गंमत अशी, की ते ऑक्सिडेज सुधारेल या आशेने दिलं होतं. ऑक्सिडेज जवळपास होतं तिथेच राहिलं, संसर्ग मात्र कमी झाले. शिवाय काही सांगण्याजोग्या गोष्टी आहेत, ज्यांना खर्चच नाही. उदाहरणार्थ, कुजलेला पालापाचोळा आणि कंपोस्ट उकरू नये. त्यातल्या बुरशीचे बीजकण एकदम छातीत गेले तर सीजीडीच्या रोग्याला काही दिवसांत जीवघेणा न्यूमोनिया होतो. मात्र हे सगळं निदानानंतरचं, आणि निदानच होत नाही.

ते न होण्याचं कारण तंत्राचा अभाव, असं मी मानत नाही. एनबीटी चाचणी 1960 च्या दशकाच्या अखेरीची आहे: पिवळा रंग पेशींना द्यायचा, धडधाकट पेशी त्याचा गडद निळा करतात, सदोष पेशी पिवळाच ठेवतात. काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक एवढं पुरतं. तिच्यापुढची डीएचआर चाचणी फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर होते, अधिक नेमकी असते, पण रक्त ताजं लागतं आणि सोबत निरोगी माणसाचा नमुना लागतो. दोन्हींत पेशीला चिथावून पाहतात, ती काम करते की नाही. अडचण इतकीच, की चाचणी कुणीतरी लिहून द्यावी लागते, आणि त्यासाठी आधी ती कुणाच्यातरी मनात यावी लागते.

काही देशांत नवजात बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तीव्र संयुक्त रोगप्रतिकारदोष हुडकतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनने 2008 मध्ये सुरुवात केली, दहा वर्षांत सगळी राज्यं आली. फार चांगलं झालं. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी 94 टक्के जगल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. पण त्या चाचणीत टी-पेशी बनल्याची खूण मोजतात. सीजीडीचं बाळ तिच्यातून सुखरूप निसटतं, कारण त्याच्या टी-पेशी ठीकच असतात. पुन्हा मोजणी, पुन्हा तीच चूक.

यावर हल्लीचं उत्तर असं, की प्रत्येक बाळाचा सगळा जनुकसंच वाचून टाका. मला याचा फारसा उत्साह वाटत नाही. वाचलेल्या बदलांपैकी पुष्कळांपुढे 'अर्थ अनिश्चित' असा शेरा पडतो, आणि तो शेरा घेऊन निरोगी मुलाचे आईबाप वर्षानुवर्षं भीतीत राहतात. बदल घातक आहे का, हे शेवटी पेशीला कामाला लावूनच ठरतं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की सीजीडीत रोगी किती जगेल हे त्याच्या पेशींत किती ऑक्सिडेज शिल्लक आहे यावरून कळतं. अगदी थोडं शिल्लक असलं तरी फरक पडतो.

आता आक्षेपाकडे येतो. निधी मर्यादित आहे. लाखो मुलांना साध्या लसी मिळत नाहीत तिथे दोन लाखांत एकाची काळजी ही चैन आहे. या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक प्रसूतिगृहात फ्लो सायटोमीटर ठेवा असं कुणी म्हणालं तर मीही विरोध करीन. पण 'दोन लाखांत एक' हा आकडा एकेक रोग सुटा धरून काढलेला असतो. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांची आंतरराष्ट्रीय यादी आता साडेपाचशेच्या पुढे गेली आहे. सुटे सुटे मोजले की सगळेच नगण्य ठरतात, पण वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहायची सवय या सगळ्यांसाठी एकच आहे. ती डॉक्टरांना लावायला यंत्र लागत नाही. शिवाय निदान न होण्यालाही पैसे पडतातच. ती फुगलेली फाइल, वरचेवरच्या शस्त्रक्रिया, आंधळेपणाने बदलत गेलेली प्रतिजैविकं, आणि पुढे त्याच आईला होणारं, तोच दोष घेऊन येणारं दुसरं मूल. हा खर्च कुठल्याच खात्यावर लिहिला जात नाही, म्हणून तो शून्य दिसतो.

आईचा विषय निघालाच आहे. सीजीडीचा एक मोठा गट एक्स-गुणसूत्रावरून येतो. मुलगा आजारी, आई वाहक. प्रत्येक स्त्रीपेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र झोपलेलं असतं, हा मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडलेला सिद्धांत. 1967 मध्ये या मुलांच्या आयांच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी दिसल्या, काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या, आणि तो सिद्धांत माणसात डोळ्यांनी पाहता आला. विज्ञानाला आनंद झाला. त्या बाईच्या वाट्याला काय आलं? 'तुझ्यामुळे.' खरं तर दोष कुणी निवडून घेत नाही, आणि काही वेळा तो त्या मुलातच नव्याने उद्भवलेला असतो. त्याहून वाईट, तिला केवळ निरोप्या मानलं जातं. वाहक स्त्रियांना तोंडात फोड येतात, उन्हाने त्वचेवर चट्टे उठतात, सांधे दुखतात. ज्यांच्यात काम करणाऱ्या पेशी फारच कमी असतात त्यांना मुलासारखेच संसर्गही होतात. मुलाच्या फाइलीत तिच्या रक्ताचा आलेख लावलेला असतो, दोन टेकड्यांचा: एक काम करणाऱ्या पेशींची, एक न करणाऱ्यांची. तिच्या नावाची वेगळी फाइल मात्र नसते. ती उघडावी, ही माझी मागणी आहे. ती मान्य करायला वाढीव निधी लागतो असं मला वाटत नाही.

दुसरी मागणी बीसीजीबद्दल. ही लस 1921 पासून दिली जाते, तिने असंख्य बाळांना क्षयाच्या भयंकर रूपांपासून वाचवलं आहे, आणि या लेखातलं एक वाक्य उचलून कुणी लसविरोधाला जुंपू नये. सीजीडीच्या मुलांनाही मृत जंतूंच्या लसी द्यायच्याच असतात. पण बीसीजी जिवंत जंतूंची आहे आणि बऱ्याच देशांत जन्मल्याबरोबर दिली जाते, म्हणजे कुठलाही दोष उघड व्हायच्या आत. सीजीडीत लस टोचलेल्या जागी चिघळणाऱ्या गाठी होतात. तीव्र संयुक्त रोगप्रतिकारदोषात ती शरीरभर पसरू शकते. 17 देशांतल्या अशा 349 लस दिलेल्या मुलांच्या पाहणीत निम्म्यांहून किंचित अधिक जणांना तिचा त्रास झाला होता. सर्वांची लस थांबवणं हा यावरचा उपाय नव्हे. ज्या घराण्यात संशयाला जागा आहे तेवढ्याच बाळांची लस तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबवायची. असं घराणं ओळखायला सुई टोचण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो.

पुष्कळ छापील अर्जांत तो असतोही, पण कसा? 'कुटुंबात आनुवंशिक आजार आहे का?' याला उत्तर 'नाही' असंच येतं. ज्याचं निदानच झालं नव्हतं तो आजार आनुवंशिक होता हे कुणाला ठाऊक असणार? आणि कुटुंब म्हटलं की बापाकडचं सांगितलं जातं, तर हा दोष बहुधा आईच्या बाजूने येतो. म्हणून प्रश्न बाळंतिणीलाच, तिच्याशेजारी बसून आणि साध्या शब्दांत विचारायला हवा: तुमचा एखादा भाऊ लहानपणीच गेला का? तुमच्या आईचा एखादा भाऊ? मावशीचा मुलगा? कशाने गेला, सांगता येईल? बहुतेकदा ती म्हणेल, तापाने. तिथे 'नाही' वर खूण करून पुढच्या खाटेकडे जायचं नाही. किती महिन्यांचा होता, त्याआधी कितीदा आजारी पडला होता, अंगावर गाठी येत होत्या का, हेही विचारायचं. तिला आठवत नसेल तर तिच्या आईला नक्की आठवत असेल.